शेषराव मिस्त्री आणि दुसरी फुली

शेषराव मिस्त्रीने वेळ कधी एकाच माणसाला विचारली नाही. सकाळी कारखान्याच्या फाटकात आला की मला विचारायचा, "मनोहर, किती वाजले?" मी सांगायचो, आठला पाच कमी. "अस्सं," म्हणून मान हलवायचा आणि चार पावलं पुढे जाऊन इंजिनवाल्याला तोच प्रश्न विचारायचा. आमच्या दोघांचा मेळ बसला तरच त्याच्या लेखी आठ वाजायला आलेले असायचे. मालकाच्या खोलीत भिंतीवर चांगलं मोठं घड्याळ होतं. पण त्याचे काटे कोण फिरवतं हे मिस्त्रीने स्वतः पाहिलेलं नव्हतं, म्हणून ते बाद.

"एका तोंडाची गोष्ट अर्धी असते, बाप्पा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बोलताना डावा डोळा बारीक करायचा, जणू समोरच्या माणसाचा काटकोन तपासतो आहे.

आमचा कारखाना पुसदला, बाजाराच्या मागच्या अंगाला होता. टिनाचं छप्पर, एक तेलावर चालणारं इंजिन, आणि त्याच्या पट्ट्यावर फिरणारी चार यंत्रं. वखराच्या लोखंडी पासा, डाळ मिलच्या चाळण्या, जिनिंगमधल्या सरकी वाहणाऱ्या पन्हाळी असली कामं यायची. पंच मशीन शेषरावकडे होतं. लोखंडाच्या पत्र्याला भोक पाडणं म्हणजे त्याचं काम, आणि ते भोक कुठे पडावं हे ठरवणं म्हणजे माझं.

त्याच्या संशयाच्या गोष्टी सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. भाकरीचं फडकं तो स्वतःच्या एका खास गाठीने बांधायचा, म्हणजे कुणी सोडून पुन्हा बांधलं तर कळावं. त्याच्या भाकरीत असं काय होतं की कुणी चोरून पाहावं? ज्वारीची भाकर आणि ठेचा. कुलूप लावलं की सात वेळा ओढायचा. मुलीचं लग्न ठरलं ढाणकीला, तर हा पठ्ठ्या अनोळखी माणूस होऊन ढाणकीच्या बाजारात गेला. मुलाची चौकशी आधी न्हाव्याजवळ केली, मग विहिरीवरच्या बायांजवळ, मग एका दुकानदाराजवळ. तिघांनी एकच सांगितलं, पोरगा सोन्यासारखा आहे. मिस्त्री परत आला तो तोंड पाडूनच.

"काहून मिस्त्री, पोरगं वाईट निघालं का?" मी विचारलं.

"नाई ना. तिघंबी चांगलंच म्हनतात. मले वाटून राह्यलं तिघायले सिकवून ठेवलं होतं."

लग्न झालं, जावई खरोखरच सोन्यासारखा निघाला. मिस्त्रीने त्याची खात्री करून घ्यायला आणखी चार वर्षं घेतली.

आता दिव्याची गोष्ट. माझ्याकडे आखणी होती. पत्र्यावर काटकोनाचा गुण्या लावायचा, सुईने दोन रेघा ओढायच्या, रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे टोच्याने बारीक ठिपका मारायचा. पंचाच्या टोकाला एक छोटं बोंड असायचं. ते माझ्या ठिपक्यात बसलं की मिस्त्री पायाने दांडा दाबायचा, धप्पकन आवाज यायचा आणि खाली लोखंडाचा बिल्ला पडायचा. माझ्या ठिपक्यांचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू. शेषरावचा मात्र त्यांच्यावर विश्वास नव्हता.

"ठिपका तू मारतो," तो म्हणाला, "पन त्या वक्ती तुह्या मनात काय होतं, हे मले काय माईत? घरी बायकोसंग भांडून आला असशीन त टोचा सरकते."

एक दिवस मोटार दुरुस्तीवाल्याकडून त्याने मालमोटारीचा एक जुना दिवा आणला. सोबत बॅटरी. फोटोवाल्याकडून फुटक्या पेटीचं भिंग मिळवलं. मग टांग्याच्या घोड्याच्या शेपटीचे दोन केस पाहिजेत म्हणून टांगेवाल्याच्या मागे लागला. टांगेवाला बिचारा घाबरला. त्याला वाटलं, मिस्त्री घोड्यावर काहीतरी करणी करतो आहे. शेवटी मी मध्ये पडलो तेव्हा त्याने दोन केस उपटू दिले, तेही घोड्याच्या कानात काहीतरी पुटपुटून.

पत्र्याच्या एका डब्यात दिवा, त्याच्यापुढे काच, काचेवर ते दोन केस आडवे-उभे ताणून चिकटवलेले, आणि सर्वांत पुढे भिंग. डबा त्याने पंचाच्या समोर, वरच्या बाजूला तिरका बसवला. सरळ वर बसवता येत नव्हता, तिथे पंचच होता. दिवा लावला की खालच्या पत्र्यावर उजेडाचं एक गोल चांदणं पडायचं आणि त्याच्या मधोमध काळी फुली. फुली जिथे, पंच तिथे. दोन दिवस तो डबा केसाकेसाने हलवत बसला होता. बसला एकदाचा. आता खडूच्या दोन रेघा पुरेशा होत्या. रेघांवर उजेडाची फुली आणायची आणि दांडा दाबायचा. माझा टोचा खुंटीला लटकला.

मी चार लोकांत बोललो, "उजेडावर भरवसा ठेवणारा मानूस उद्या सावलीले भाकर मागीन." बोललो ते सगळ्यांच्या ध्यानात राहिलं. ते पुढे मला फार महाग पडणार होतं.

फुली ठळक दिसावी म्हणून मिस्त्रीने खिडकीला तरट बांधलं. भर दिवसा अंधार, आतून धप्पधप्प आवाज आणि फटीतून पिवळा उजेड. बाहेरचे लोक काय समजणार? त्या वर्षी नवे पैसे नुकतेच आले होते. बाजारात उठलं की शेषराव मिस्त्री आत बसून भोकाचे जुने पैसे पाडतो. बरं, भोकाचा पैसा चलनातून चाललेला, तो पाडून करायचं काय, हा विचार कुणी केला नाही. संशयाला कुठे डोकं असतं? एक दिवस एक जमादार चौकशीला आला. मिस्त्रीने त्याला दारातच अडवलं.

"तुमी जमादार हा हे कोन सांगते?"

"हा डगला दिसत नाही का?"

"डगला धोब्याकडूनबी भेटते. दुसरा कोनी हाय का संगं?"

जमादार एवढा गोंधळला की बाहेर जाऊन खरोखरच एका शिपायाला घेऊन आला. मग मिस्त्रीने दोघांना फुली दाखवली. जमादाराने बोट घालून पाहिलं, फुली त्याच्या नखावर चढली, तेव्हा तो दचकून मागे सरला. जाताना म्हणाला, चांगलं आहे, पण तरट काढा. तरट काही निघालं नाही.

या यंत्रावर मिस्त्रीच्या हाताखाली हरसिंग होता. बंजारा तांड्यातला, तिशीचा गडी, मणभराचं पोतं एका हाताने उचलणारा. त्याच्या आजाने बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं होतं, बाप शेतीत राबत होता, आणि हा त्यांच्यातला पहिलाच लोखंडाच्या कामाला आलेला. बोलायचा कमी. पत्रा उचलून द्यायचा, फुलीवर रेघ आली की "हां जी" म्हणायचा. मिस्त्री एवढा संशयी, तरी हरसिंगच्या "हां जी"वर दांडा दाबायचा. पण स्वतः पाहिल्याशिवाय नाही.

आणि डब्यावर मिस्त्रीचा पहारा होताच. झाकणाच्या फटीवर त्याने मेणाने एक केस चिकटवला होता. कुणी झाकण उघडलं की केस तुटणार. माणसांवर विश्वास नाही म्हणून दिवा आणला, आणि दिव्याला माणसांपासून जपायला केस लावला. फक्त एक गोष्ट त्याने केली नाही. दिव्याने दाखवलेली फुली खरी आहे का, हे त्याने दुसऱ्या कशाशी ताडून पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो एका तोंडाचं ऐकत होता.

नेरच्या एका जिनिंगवाल्याची मोठी पन्हाळ आमच्याकडे आली. बाजू अर्ध्या सुताच्या पातळ पत्र्याच्या, आणि बुडाला दीड सूत जाडीच्या पट्ट्या. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्या धंद्यात त्याच्यावरच माणसाची इज्जत मोजतात. पत्र्याला आणि पट्टीला भोकं पाडायची, एकावर एक ठेवायची आणि बोल्ट घालायचे. आधी पातळ पत्रे झाले. मग पट्ट्या झाल्या. सगळा माल नेरला गेला, आणि चौथ्या दिवशी परत आला. एकही बोल्ट आत जात नव्हता. पट्टीची सगळी भोकं अर्धा सूत सरकलेली होती, सगळी एकाच बाजूला; भोकं जुळवावी तर काठ बाहेर यायचा. खडूची रेघ स्वतःच एवढी जाड, ती हाताने पुसलीही जायची, त्यामुळे पाडताना कुणाला दिसलं नव्हतं.

मालक बाहेर आला. "कोणी केलं ते आज संध्याकाळपर्यंत कळलं पाहिजे," तो म्हणाला. "नाहीतर मिस्त्री, तुमचा तो दिवा भंगारात आणि तुम्ही घरी."

मिस्त्री सरळ डब्याकडे गेला. झाकणावरचा केस तुटलेला होता. त्याने आम्हाला सगळ्यांना उभं केलं. डावा डोळा बारीक.

"कोन उघडलं?"

"मी उघडलं, जी," हरसिंग लगेच म्हणाला. "काचेवर धूर बसला होता. फुली मळकी दिसे. म्या पुसली आन बंद केलं. डब्बा नाई हालवला."

"कोनी पाह्यलं?"

हरसिंगने माझ्याकडे पाहिलं.

मी पाहिलं होतं. मी त्याच्यापासून चार हातांवर रेघा ओढत होतो. त्याने श्वास रोखून, दोन बोटांत धोतराचं टोक धरून, लहान लेकराचं नाक पुसावं तशी ती काच पुसली होती. डबा तसूभर हलला नव्हता. हे मी सांगितलं असतं तर हरसिंगची अर्धी गोष्ट पुरी झाली असती. पण मग दुसरा संशय कुणावर? दिवा आल्यापासून तोंडसुख घेतलेलं होतं ते मी. टोचा लटकला होता तो माझा.

"मी आखनीत होतो," मी म्हणालो. "माहं ध्यान नोतं."

 मालकाने हरसिंगला जायला सांगितलं. त्याने आपलं भाकरीचं फडकं घेतलं, पागोटं नीट बांधलं आणि फाटकातून निघून गेला. कामावरून काढणं एवढीच गोष्ट नव्हती. तांड्यात बातमी गेली की याने मालकाचं यंत्र बिघडवलं. नायकाने, म्हणजे तांड्याच्या म्होरक्याने, त्याला बोलावून विचारलं. आठवडाभर त्याच्या चिलमीला कुणी विस्तव दिला नाही, असं मी बाजारात ऐकलं. मी ते ऐकलं आणि भाजी घेऊन घरी आलो. आजही ते आठवलं की मला माझीच शिसारी येते.

पट्ट्या पुन्हा करायच्या होत्या. मिस्त्रीने डब्याला नवा केस चिकटवला, कुलूप ठोकलं, किल्ली गळ्यात घातली, पातळ पत्र्यावर फुली पंचाशी पुन्हा जुळवून घेतली आणि मशीनजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. पत्रे स्वतः उचलले, कमरेत उसण भरली तरी. पहिली पट्टी झाल्यावर तिच्यावर काठाला काठ लावून पातळ पत्रा ठेवला, बोल्ट घातला. गेला नाही. पुन्हा अर्धा सूत, पुन्हा त्याच बाजूला.

मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. कुलूप ओढून पाहिलं. केस पाहिला, शाबूत होता. मग त्याने गळ्यातली किल्ली हातात घेऊन तिच्याकडे संशयाने पाहिलं, आणि मला हसू आलं नाही.

तो स्टुलावर बसून ती पट्टी उलटसुलट करून पाहत राहिला. मग उठला, मशीनवर पातळ पत्रा आडवा टाकला आणि त्याच्यावर ती जाड पट्टी ठेवली, फुलीच्या अर्ध्यात येईल अशी. "मनोहर, इकडं ये," म्हणाला. मी गेलो. फुलीची आडवी रेघ पत्र्यावरून सरळ येत होती आणि पट्टीच्या काठाशी तुटत होती. पट्टीवर ती पुन्हा सुरू व्हायची, पण दिव्याच्या अंगाला सरकून. पायरी चढल्यासारखी.

"दिसते?"

"दिसते."

"उजेड तिरका येते. लोखंड वर आलं का फुली अलीकडं पडते. पातळ पत्र्यासाठी डब्बा बसवला, आन जाड पट्टीले त्यालेच इचारलं." त्याने पट्टीवरची तुटकी फुली बोटाने दाखवली. "कोनी हात नाई लावला, मनोहर. दिवाबी खोटं नाई बोलला. म्या एकट्याले इचारलं."

मग त्याने दोन दिवसांत दुसरा डबा बनवला. तो पहिल्याच्या समोर, उलट्या बाजूने तिरका. आता लोखंडावर दोन फुल्या पडायच्या. लोखंड बरोबर उंचीवर असलं की दोन्ही एकमेकींवर चढून एकच फुली दिसायची. जाड पातळ झालं की फुल्या फाटायच्या, मग मिस्त्री खालचं ताट वर-खाली करून त्या जुळवायचा. दोन तोंडं एकच बोलली तरच भोक. नेरची पन्हाळ गेली, बोल्ट हाताने आत शिरले. मालकाने पाठ थोपटली. मिस्त्री म्हणाला, "हरसिंगले बलवा." मालक म्हणाला, "बोलावू सावकाश." मिस्त्रीने पागोटं उचललं.

"चाल," मला म्हणाला. "साक्षीदार पायजे."

आम्ही तांड्यावर गेलो. नायकाच्या अंगणात लिंबाखाली पाच-सात म्हातारे बसले होते, हरसिंगला बोलावणं गेलं. तो आला, उभा राहिला. मागे दारात त्याची आई. मिस्त्रीने डोक्यावरचं पागोटं काढून हातात धरलं. "म्या या मानसावर इल्जाम घेतला," तो म्हणाला. "थो खोटा होता. चूक माह्या हाताची. यानं फकत काच पुसली, आन खरं सांगितलं. म्या नाई ऐकलं."

नायक म्हातारा होता, पण डोळा तिखट. "तिथं त्या दिवशी अजून कोनी होतं का?" त्याने विचारलं.

हरसिंगची नजर माझ्यावर आली. पायाखालच्या धुळीशिवाय मला काही दिसेना.

"होतो नं मी," शेषराव म्हणाला. "मी कमी हाय का?"

मला अजून कळलेलं नाही, तो मला वाचवत होता की त्याला काही माहीतच नव्हतं. ज्याने स्वतःच्या जावयावर चार वर्षं पाळत ठेवली, त्याला चार हातांवरचा मी दिसलो नसेन? पण त्याने विचारलं नाही. हरसिंगनेही सांगितलं नाही. त्याच्या आईने पाणी आणलं. मिस्त्रीने तांब्या घेतला आणि वास न घेता, न पाहता, घटघटा प्यायला. हे मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

हरसिंग आठ दिवसांनी कामावर आला. पुढची पाच-सहा वर्षं ते दोघे त्या मशीनवर होते. मिस्त्रीची नजर हळूहळू अधू झाली. फुली एक झाली की दोनच आहेत, हे त्याला दिसेना. मग तो मान वर न करता विचारायचा, "जुळली?" हरसिंग म्हणायचा, "हां जी." आणि धप्पकन दांडा. मला मात्र तो रोज वेळ विचारायचा आणि पुढे जाऊन इंजिनवाल्यालाही विचारायचा. मी मनात मोजत राहायचो, आज तरी माझ्या एकट्याच्या बोलण्यावर थांबेल का. नाही थांबला.

काम सोडून तो मुलीकडे ढाणकीला निघाला, तेव्हा आम्ही दोघे त्याला मोटारस्टँडवर पोचवायला गेलो. दोन गाड्या उभ्या होत्या. "मिस्त्री, हे उमरखेडची, हेच ढानकीले जाते," मी म्हणालो. "अस्सं," म्हणून तो उभाच राहिला. हरसिंग मागून ट्रंक घेऊन आला. "हेच हाय जी, चढा," म्हणाला, आणि मिस्त्री चढला.

खिडकीशी बसून त्याने ट्रंकेचं कुलूप ओढलं. सात वेळा. इंजिन सुरू झालं. आता नाही तर कधीच नाही. मी खिडकीचा गज धरला.

"मिस्त्री, त्या दिवशी हरसिंगनं काच पुसली, ते म्या पाह्यलं होतं. डब्बा नोता हालला. मी खोटं बोललो."

त्याने डावा डोळा बारीक केला.  मग माझ्या खांद्यावरून पलीकडे मान काढली.

"काहून रे हरसिंग, हा म्हनते थे खरं हाय?"

हरसिंग माझ्या मागे उभा होता. मला वळून पाहण्याची हिंमत झाली नाही.

"हां जी," तो म्हणाला. "खरं हाय."

"मंग झालं," शेषराव म्हणाला.

मोटार सुटली. वळणावर खिडकीतून त्याचा हात बाहेर आला आणि दोनदा हलला. तो माझ्यासाठी होता की हरसिंगसाठी, हे मला ठरवता येईना. शेवटी मी हरसिंगलाच विचारलं.

"दोघायले होता, भाऊ," तो म्हणाला.